विरूपाक्षअप्पांचा हँडप्रेस

देवणीच्या मेन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून विरूपाक्षअप्पांचं घुंगरांचं. मध्ये एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. त्यांच्या हँडप्रेसचा दणका बसला की माझ्या मशीनमधला कागद वाकडा जातो. मग गिऱ्हाईक मला बोलतं आणि मी गिऱ्हाइकाला बोलतो. अप्पांना बोलून उपयोग नसतो, कारण अप्पांना ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असं नाही. माणसाचं जाड आवाजातलं बोलणं येतं, ट्रॅक्टर येतो, एसटीचा भोंगा येतो. बारीक आवाज मात्र गेले. पाखरं गेली, मोबाइलची रिंग गेली आणि घुंगरूही गेलं. ज्या माणसाने हयातभर बैलांसाठी घुंगरं केली त्यालाच घुंगरू ऐकू येऊ नये, ही देवाची थट्टा असेल तर देवाला थट्टा जमत नाही, एवढंच मी म्हणेन.

अप्पांचं शेत आहे, तूर-सोयाबीन पिकतं, पण त्यांचा जीव घुंगरात. पितळी पत्र्याची चकती कापायची, भट्टीत तापवून मऊ करायची, प्रेसखालच्या साच्यावर ठेवायची आणि हँडल ओढायचं. वरून गोल पंच खाली येतो आणि चकतीची वाटी होते. अशा दोन वाट्या, एकीला आवाजासाठी चीर, पोटात लोखंडी गोळी, मग काठाला काठ भिडवून झाळायचं, म्हणजे डाग देऊन सांधायचं. झालं घुंगरू. अशी घुंगरं कातडी पट्ट्यावर ओवली की बैलाच्या गळ्यातली माळ होते. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून पाहिलं, तेव्हा माझी वाटी चमच्यासारखी झाली आणि महानंदाकाकूंनी ती हळदीच्या डब्यात ठेवून दिली. महानंदाकाकू म्हणजे अप्पांची बायको. माळा ओवायचं काम त्यांचं.

गेल्या साली कारहुणवी झाली, म्हणजे ज्येष्ठातल्या पौर्णिमेचा आमच्याकडचा बैलांचा सण, आणि दोन-चार दिवसांत उदगीरचा व्यापारी सिद्धराम पोत्यात माळा भरून दारात उभा राहिला. अप्पांच्या माळा वर्षानुवर्षं तोच विकायचा. माणूस वाईट नाही. पोतं खाली ठेवताना त्याचं तोंड पडलेलं होतं.

"अप्पा, घुंगरू बद्द वाजायलंय," तो मोठ्याने म्हणाला. "लोकं वापस आणून द्यायलेत. मी कुणाकुणाची समजूत काढू?"

अप्पांनी पोत्यातलं एक घुंगरू कानाशी धरून हलवलं. मग सवयीने काकूंकडे पाहिलं. कान गेल्यापासून घुंगरू कसं झालंय ते काकूच सांगायच्या. "मला तर चांगलं वाजायलंय," काकू म्हणाल्या. सिद्धराम बशीतला चहा फुंकत बसला.

बाजाराने निकाल देऊन टाकला. अप्पांचे कान गेले म्हणून घुंगरू गेलं. चहाच्या टपरीवर तेच, दाढीच्या दुकानात तेच. माझा स्वभाव तापट आहे. मी एकाला म्हटलं, तुला दोन्ही कान धड आहेत, तू एक घुंगरू करून दाखव. त्याने माझ्याकडून झेरॉक्स काढणं बंद केलं. गेला तर गेला.

अप्पांची लेक दीपमाला लातूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती आली आणि बापासमोर बसून स्पष्ट बोलली. "अप्पा, आता बास करा. लातूरला चला. खोली रिकामी हाय. इथं लोकांचं बोलणं खात बसण्यात काय मतलब हाय?"

"दोष कानाचा न्हाई," अप्पा म्हणाले. "प्रेसचा हाय. हँडल ओढताना हाताला कळतंय. रॅम डुलायलाय."

रॅम म्हणजे पंच धरून वर-खाली होणारा प्रेसमधला जाड दांडा. तो सरळ उतरला तर वाटीचा काठ सगळीकडे सारखा येतो. तो केसभर जरी डुलला तरी काठ एका अंगाने जाड, एका अंगाने पातळ. अशा दोन वाट्या एकमेकींवर नीट बसत नाहीत आणि घुंगराचा आवाज फुटतो. हे सगळं अप्पांनी लेकीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आणि प्रेस बदलून बी तसंच वाजलं तर?"

अप्पांनी प्रेसच्या हँडलवरून हात फिरवला. मग म्हणाले, "एक प्रेस माझ्या मनासारखा निवडू दे. येत्या कारहुणवीच्या बाजारात माळा चालल्या न्हाईत, तर दुकानाला कुलूप लावून तुझ्या मागं येतो. मग पुन्हा पितळाचं नाव काढणार न्हाई."

दीपमालाने मान हलवली. मला विचाराल तर ती जिंकल्यासारखीच निघून गेली. तिची माया खोटी नव्हती, पण देवणीतला अप्पा लातूरच्या खोलीत बसवला तर काय होईल हे मला भिंतीपलीकडून दिसत होतं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला.

दिवाळीनंतर आम्ही प्रेस बघायला निघालो. मी कशाला, तर दुकानदाराचं बोलणं अप्पांच्या कानात ओरडून सांगायला. आधी नांदेडला गेलो. तिथल्या एका व्यापाऱ्याने गोदाम उघडून चकचकीत यंत्र दाखवलं. एकदा हँडल दाबलं की एकीकडे चकती कापली जाते, दुसरीकडे वाटी होते, तिसरीकडे वाटीला चीर पडते. "आजकाल एकेक काम कोण करत बसतंय, काका?" तो म्हणाला. मला यंत्र फार आवडलं. मला चकचकीत सगळंच आवडतं.

अप्पांनी त्या यंत्राच्या अंगावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "हणमंता, ओढ." मी ओढलं. "पुन्हा ओढ." पुन्हा ओढलं. व्यापारी माझ्याकडे बघून गालात हसत होता.

"जोर आला की ह्याचं अंग फाकतंय," अप्पा म्हणाले. "अन् एका दाबात तीन कामं. वाटी वाकडी आली तर तिन्हीतलं कुठलं चुकलं, कसं कळायचं? मला एका दाबात एकच काम करणारं पाहिजे. चुकी कुठं झाली ते हाताला तिथल्या तिथं कळलं पाहिजे."

व्यापाऱ्याने मग एका कामाचा साधा प्रेस दाखवला, समोरून जबड्यासारखा उघडा, ताजा निळा रंग दिलेला. अप्पांनी खिशातून माझ्याच दुकानातला कार्बन पेपर काढला. खाली पांढरा कागद, वर कार्बन, आणि पंच अगदी हळू टेकवायचा. सरळ उतरला तर कागदावर पूर्ण गोल उमटतो. इथे उमटली अर्धी काळी कोर, उरलेला अर्धा गोल जेमतेम दिसत होता.

"वाटी काढायला चालतंय की एवढं," व्यापारी म्हणाला.

"आमटी प्यायची असंल तर चालंल," अप्पा म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्या दिवशी आम्ही आणखी तीन ठिकाणी गेलो. सगळीकडे तळहात, सगळीकडे कार्बन पेपर, सगळीकडे कोर. अप्पा जेवायचं नाव काढेनात. शेवटी मी बसस्टँडवर त्यांना म्हटलं की प्रेस मिळेपर्यंत मीच कोरीसारखा बारीक होईन. त्यांनी माझ्यासाठी भजी घेतली आणि स्वतः एकही खाल्लं नाही.

पुढचे काही महिने असेच गेले. नायगाव, बिलोली, उदगीर, जिथे कुणी जुना प्रेस विकतोय असं कळलं तिथे आम्ही. लोक म्हणू लागले, अप्पा प्रेस बघताहेत की पोरीला नवरा? मी म्हटलं, नवरा असता तर एव्हाना दोन नातवंडं झाली असती.

फाल्गुनात लातूरला महादेवप्पांचं नाव कळलं. हे महादेवप्पा पूर्वी पत्र्याच्या ट्रंकांना लागणाऱ्या कड्या बनवायचे. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. शेडमध्ये कोपऱ्यात गोणपाटाखाली एक प्रेस होता. गोणपाट काढलं तर अगदीच काळा, ओबडधोबड, डबल हाडाचा. पण त्याचं तोंड उघडं नव्हतं. दोन्ही बाजूंना जाड खांब, वर जाड आडवं, खाली जाड आडवं, म्हणजे दाराच्या चौकटीसारखी बंद चौकट, आणि रॅम तिच्या बरोबर मधोमध, लांब खोबणीत बसलेला.

अप्पांनी तळहात ठेवला. मी ओढलं. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत, नुसतं बोट हलवून सांगितलं, पुन्हा. मी ओढत राहिलो. मग कार्बन पेपर. कागदावर गोल उमटला, पूर्ण, चारी अंगांनी सारखा काळा. अप्पांनी कागद फिरवून पुन्हा पाहिलं. परत पूर्ण गोल. त्यांच्या ओठांवर हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. सौदा व्हायचा होता ना.

महादेवप्पा खुर्चीवरून सगळं पाहत होते. "येणारा हरेक माणूस आधी भाव विचारतो," ते म्हणाले. "तुम्ही आधी हात लावला. घेऊन जावा."

प्रेस पिकअपमधून देवणीत आला तेव्हा उतरवायला अर्धा रोड गोळा झाला. ज्यांनी अप्पांच्या कानांना दोष दिला होता तेही खांदा द्यायला पुढे. भिंतीवरचं माझं घड्याळ पडून फुटलं. काकूंनी प्रेसला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जुन्या प्रेसखालची जाड लोखंडी पाट अप्पांनी काढून नव्याला बसवली, कारण सगळे साचे त्या पाटेच्या भोकांतच बसत होते. मग पहिली चकती ठेवली आणि हँडल ओढलं.

वाटीचा काठ एका अंगाने जाड आला.

दुसरी तशीच, तिसरी तशीच. अप्पांनी अंगठ्याने काठ चाचपला आणि वाटी टोपलीत टाकली. ते स्टुलावर बसले. "हणमंता," म्हणाले, "कान गेले ते गेले. आता हातबी गेले की काय."

 मग त्यांनी काकूंना जवळ बोलावलं. "खरं सांग. गेल्या साली घुंगरू कसं वाजत होतं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "बद्दच वाजत होतं. त्याच्या आधल्या सालीबी."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमचं तोंड बघवत नव्हतं," काकू म्हणाल्या.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मन राखलंस माझं," एवढंच म्हणाले आणि दुकान अर्ध्यावर सोडून घरी गेले. मीही शटर ओढलं. दुपारभर कुणालाही झेरॉक्स मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "हणमंता, कार्बन घेऊन ये." मी गेलो तर अप्पांनी पाट काढून बाजूला ठेवली होती. नुसत्या प्रेसवर कार्बन ठेवला, तर पूर्ण गोल. पाट ठेवून पाहिलं, तर कोर. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाट उलटी केली.

आता हे आमच्याकडेच होऊ शकतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. अप्पांच्या वडिलांचा दंडक असा की त्या दिवशी प्रेस सुटा करायचा, धुवायचा आणि प्रत्येक भागाला ऑइलपेंट द्यायचा, वरून, खालून, सगळीकडून. पूजेला अर्धं अंग रंगवलेलं कसं चालेल? एका साली हिरवा, एका साली लाल, एका साली निळा. वडील गेले तरी दंडक चालू. आणि रंगवलेली पाट वाळायला दरवर्षी त्याच भिंतीला, त्याच बाजूवर उभी करायची. ओला रंग ओघळून खालच्या काठाला जमायचा. असा साल-दरसाल थर चढून पाटेची एक बाजू उंच झाली होती. त्या थरांत हळद होती, कुंकू होतं, एके ठिकाणी अक्षतेचा दाणाही जसाच्या तसा होता.

मी हसायला लागलो. अप्पा आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या आणि पाट बघून त्याही पदरात तोंड लपवून हसू लागल्या. जुनी पाती घेऊन आम्ही तिघं पाट खरवडायला बसलो. खालून उघडं लोखंड निघालं.

खरवडलेली पाट अप्पांनी मुद्दाम जुन्या प्रेसलाही लावून पाहिली. तिथे कोर बारीक झाली, पण राहिलीच. म्हणजे अर्धा दोष रंगाचा आणि अर्धा डुलणाऱ्या रॅमचा. कानाचा दोष कुठेच नव्हता. अप्पांनी हे फक्त मला सांगितलं. मी ते अख्ख्या रोडला सांगितलं.

नव्या प्रेसवर पहिली धड वाटी निघाली तेव्हा अप्पांनी ती टेबलावर उपडी ठेवली आणि तिच्यावर बोट टेकवलं. वाटी जराही डुगडुगली नाही. त्यानंतर महिनाभर भिंतीपलीकडे एकसारखे दणके होते. माळा तयार होऊ लागल्या. पहिली माळ काकूंनी हलवली तेव्हा मी माझ्या खुर्चीतून उठून उभा राहिलो. धावत पलीकडे गेलो, सांगणार तोच अप्पांनी हात वर केला. "सांगू नको. तूबी मन राखशील. बाजारात बघू."

काकूंनाही त्यांनी विचारलं नाही. काकू मान खाली घालून माळा ओवत राहिल्या.

कारहुणवीच्या आधीचा देवणीचा बैलबाजार म्हणजे सगळीकडे बैल, शेंगांचे हारे आणि चहाची पातेली. दीपमाला सकाळच्या एसटीने आली होती. तिने लातूरच्या खोलीत बापासाठी पलंगही टाकला होता. अप्पांनी लिंबाखाली गोणपाट अंथरून माळा मांडल्या. सिद्धरामही थोड्या अंतरावर बसला होता, बाहेरून मागवलेल्या कारखान्यातल्या माळा घेऊन. त्याने अप्पांना दुरूनच हात जोडून शरणार्थी केली.

आमच्या बाजारात माळ माणूस निवडत नाही, बैल निवडतो. मालक बैलाच्या मागे उभा राहून माळ हलवतो. बैलाने कान मागे वळवला तर माळ पसंत. कान जागचा हलला नाही, किंवा बैलाने नुसतं डोकं झटकलं, तर मालक माळ खाली ठेवून पुढे जातो. यात कुणाची ओळख चालत नाही.

किशनराव आपली वानेरा जातीची जोडी घेऊन आले. पांढरंशुभ्र अंग, काळी तोंडं, लोंबते कान. मालकापेक्षा बैलांची मिजास मोठी. त्यांनी आधी सिद्धरामची माळ घेतली, बैलांमागे जाऊन हलवली. बैल रवंथ करत राहिले. मग ते अप्पांकडे आले. "अप्पा, खरं सांगतो, आशेनं आलो न्हाई. घरचीनं सांगितलं म्हणून आलो."

"मला काय सांगू नका," अप्पा म्हणाले. "बैलाला विचारा."

किशनरावांनी माळ उचलली आणि बैलांमागे जाऊन हलवली. अप्पा बैलांच्या डोक्याकडे बघत उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, बोटं एकमेकांत घट्ट.

डाव्या बैलाचं रवंथ थांबलं. त्याचा कान मागे वळला. मग उजव्याचा वळला. किशनरावांनी पुन्हा माळ हलवली, तसे त्या जोडीपलीकडे बांधलेले, कुण्या दुसऱ्याच मालकाचे बैलही कान वळवून बघायला लागले. त्यांच्या पुढचा एक वळला, त्याच्या पुढचा वळला. दावणीला बांधलेल्या बैलांचे कान एकेक करून आमच्याकडे फिरत गेले. मी त्या बाजारात लहानाचा मोठा झालो, पण असं कधी बघितलं नव्हतं. अप्पा शेवटच्या बैलापर्यंत बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

किशनरावांनी दोन माळा खांद्यावर टाकल्या. मग गोणपाटाभोवती जी गर्दी झाली, तिच्यात टपरीवाले होते, दाढीवाले होते, माझ्याकडची झेरॉक्स बंद करणारे गृहस्थही होते. मी त्यांना रांगेत सगळ्यात मागे उभं केलं. सिद्धराम आपलं दुकान तसंच सोडून आला आणि अप्पांच्या पाया पडला. "अप्पा, पुढल्या सालच्या तमाम माळा माझ्याकडं," तो म्हणाला. अप्पा म्हणाले, "आधी ह्या बैलांचं होऊ दे."

दीपमाला बापाशेजारी येऊन बसली. त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "पलंग मी झोपायला घेते, अप्पा. तुम्ही पाहुणे म्हणून या."

गर्दी ओसरली तेव्हा गोणपाटावर थोड्याच माळा उरल्या होत्या. अप्पांनी त्या गोळा केल्या आणि काकूंसमोर ठेवल्या. मग त्यांनी काकूंना विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"तू सांग. कसं वाजायलंय?"

काकूंनी एकेक माळ उचलून हलवली. घाई केली नाही. "लई गोड वाजायलंय," त्या म्हणाल्या. मग एक माळ परत उचलली, घुंगरं एकेक करून बोटाने हलवली आणि एकावर बोट ठेवलं. "पण हे एक बद्द हाय."

अप्पांनी ते घुंगरू अंगठ्याने चाचपलं. झाळ एका जागी सुटलेली होती. त्यांनी खिशातला चाकू काढला, घुंगरू पट्ट्यावरून कापून बाजूला टाकलं आणि काकूंकडे बघून असे हसले, की बैलांचे कान वळले तेव्हाही तसे हसले नव्हते.

"हां," ते म्हणाले, "आता मला ऐकू यायलंय."